काशीबाईच्या खाचरातला तंबू

या, असे पुढे सरा. भिंतीला टेकून बसलेल्यांनी तर आधी सरा, कारण टेकलेल्या माणसाला पहिल्या दृष्टांतालाच डुलकी लागते. बायांनो, तुम्हीही या. भाकऱ्या थोड्या उशिरा झाल्या तर घरची माणसं मरत नाहीत. आज मी राजाची गोष्ट सांगणार नाही आणि राक्षसाचीही नाही. पेणचे दत्तात्रेय म्हात्रे वाळवंट शोधायला निघाले होते, त्याची सांगणार आहे. ज्या जिल्ह्यात चार महिने छत्री मिटत नाही आणि उरलेले आठ महिने ती वाळत नाही, तिथे हा गृहस्थ वाळवंट शोधत होता. ऐकाल तर हसाल, आणि शेवटी एक मागणं आहे, तेवढं ऐकून जा.

दत्तात्रेय म्हणजे खाडीकडच्या मिठागरवाल्यांचा मुलगा. नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आयुष्यभर शिफ्ट करून निवृत्त झाला. पण ही त्याची कागदावरची ओळख. खरी ओळख अशी, की पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत कुठेही मांडव पडला आणि मृदंगावर थाप पडली, की मागच्या रांगेत टाळ घेऊन दत्तात्रेय उभा. मागच्याच रांगेत. ऐकून ऐकून शेकडो कीर्तनं त्याच्या पोटात साठली होती, पण माईक समोर आला की घसा बसायचा. "घरात बोलायला यांना माईक लागत नाय, येवढंच," असं त्याची बायको जनी म्हणायची.

तर झालं असं. त्यांची एकुलती एक मुलगी नम्रता आणि जावई मितेश अमेरिकेत ॲरिझोना नावाच्या मुलखात राहतात. तिथे पाऊस नाही, चिखल नाही, नुसते लालभडक कातळ. शनिवार-रविवार आला की ही दोघं त्या कातळांच्या घळीत, खाली नदी वाहते तिथे, तंबू ठोकून झोपतात. घर आहे, घरात गाद्या आहेत, तरी बाहेर झोपतात. जनीला हे कळलं तेव्हा तिने आधी विचारलं, दोघांचं भांडण-बिंडण तर नाय ना.

बऱ्याच वर्षांनी नम्रता नाताळच्या सुट्टीत यायची होती. फोनवर तिने बेत सांगितला. आधी पुण्याला सासरी, मग राजस्थानात वाळूत तंबू ठोकून तीन दिवस, आणि पेणला जाता जाता.

ते 'जाता जाता' दत्तात्रेयाच्या काळजात रुतलं. माणूस जाता जाता पेट्रोल भरतो, जाता जाता आईबापांना भेटतो होय? पण मुलीला असं तोंडावर म्हणायचं नसतं. तेवढ्यात तिने पाठवलेला फोटो उघडला. दोन बाजूंना उभे लाल कडे, तळाशी नदी, आणि काठावर एवढासा पिवळा तंबू. दत्तात्रेयाच्या तोंडून निघून गेलं, "मग राजस्थानात कशाला? आमच्याकडं पण हाय तसलं."

मग मितेशने फोन घेतला. पुण्याचा मुलगा, बोलणं मोजकं. त्याने विचारलं, कडे आहेत का? दत्तात्रेय म्हणाला, आहेत. नदी? आहे. कोरडी जमीन? आहे. शांतता? "शांतता तर तुम्ही इचारूच नका," दत्तात्रेय म्हणाला, आणि हे एकच उत्तर खरं होतं.

ठरलं असं, की बाबांनी जागा शोधावी. चांगली निघाली तर ते तीन दिवस इकडे, नाहीतर राजस्थान. मितेशने तिकिटं मात्र काढून ठेवली. हिशेबी माणूस आहे, त्याला नावं ठेवू नका.

फोन ठेवल्यावर जनीने नवऱ्याकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली, की तीन दिवस पोर डोळ्यांपुढं राहणार असेल तर तुम्ही वाळवंटच काय, समुद्र आणा. पण नाय आणलात तर मला पुढं तोंड दाखवू नका.

आता शेजारी हैबतराव यांचा प्रवेश. हैबतराव मांडववाले. जगातल्या कुठल्याही अडचणीवर मांडव घातला की ती सुटते, अशी यांची श्रद्धा. लग्न असो, मयत असो, उद्घाटन असो. यांचा टेम्पो उभा. त्यांना फोटो दाखवला तर त्यांनी कडे बघितले नाहीत, नदी बघितली नाही. पिवळा तंबू बोटांनी मोठा करून म्हणाले, दत्तूभाऊ, याला मागनं ताण नाय दिलेला, वाऱ्याला उडेल.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, गच्चीवर दोन ब्रास रेती टाका, काम झालं. खालच्या मजल्यावरच्या भाविकाताईंनी सुचवलं, जावयाला एसी हॉलवर ठेवा, अमेरिकेच्या माणसाला डास सोसत नाहीत. एका आजोबांनी खोलात जाऊन विचारलं, की जावयाची नोकरी गेलीय का. कारण घर असलेला माणूस तंबूत झोपतो हे त्यांना पटेना. दत्तात्रेयाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. कीर्तन ऐकणाऱ्याला ती सवय असते.

पहिली जागा हैबतरावांनी काढली. धरमतरकडे जुनी, सोडून दिलेली मिठागरं आहेत. पांढरीफटक जमीन, भेगा पडलेल्या, लांबवर झाड नाही. दुपारी दोघे टेम्पो घेऊन गेले, चार बांबू ठोकले, वर कापड ताणलं, जनीने दिलेल्या भाकऱ्या सोडल्या. दत्तात्रेयाने फोटो काढून अमेरिकेत पाठवला. मितेशचं उत्तर आलं, अंगठा आणि डोळे विस्फारलेला चेहरा. दत्तात्रेयाची छाती फुगली. आपण उगाच इतकी वर्षं स्टोअरमध्ये काढली, असंही त्याला वाटून गेलं.

आणि मग हैबतरावांची एक चप्पल स्वतःच्या पायांनी निघाल्यासारखी हळूच पुढे सरकली.

पाणी कधी आलं कळलंच नाही. फुटलेल्या बांधातून, आवाज न करता, पाहुण्यासारखं आत आलं. दोघे भाकरी हातात घेऊन टेम्पोत चढले. पलीकडून एक मालवाहू बार्ज भोंगा वाजवत गेली. तो आपल्यालाच उद्देशून होता असा हैबतरावांचा आजही दावा आहे. दत्तात्रेयाने घरी फोन लावला, की यायला उशीर होईल, अडकलोय. जनीने कारण ऐकलं आणि विचारलं, "आज अमुशा हाय. उधाण येनार नाय तर काय येनार? मिठागरवाल्याचं पोर ना तुमी?"

ओहोटी लागेपर्यंत तो टेम्पोत भाकरी चावत बसला.

दुसरी जागा दगडाची खाण. कडे अगदी फोटोसारखे, तासून काढलेले. नदी नव्हती, पण डबकं होतं, आणि लांबून काढलं तर डबकंही नदी दिसतं. दत्तात्रेय फोटोसाठी कोन शोधत असतानाच कुठेतरी भोंगा झाला. हैबतराव म्हणाले, जेवणाची सुट्टी झाली वाटतं. तेवढ्यात लाल झेंडा हलवत एक माणूस दोघांच्या दिशेने धावत आला, आणि मग तिघेही दुसऱ्या दिशेने धावले. मागे सुरुंग उडाला. त्या धावण्यात दत्तात्रेयाच्या चपला राहिल्या. हैबतरावांची एक मिठागरात, यांच्या दोन खाणीत. जागा काही सापडेना, पण चपलांची सोय लागत गेली.

राहिली कुंडलिका. रोह्याच्या वरच्या अंगाला नदीला दोन्ही बाजूंनी कातळ आहे, पाणी बारमाही. पण तिथे आधीच तंबूवाले. दत्तात्रेय एका ठिकाणी बघायला गेला, तर तंबूंच्या मधोमध माणसाएवढे स्पीकर, आणि भर दुपारी मुंबईची मुलं नळाखाली पाऊस पडतोय असं समजून नाचत होती. शांतता कुठे मिळेल, असं त्याने तिथल्या माणसाला विचारलं. तो प्रामाणिक होता. म्हणाला, मंगळवारी.

मग सरकारी जागा बघू म्हणून तो एका कचेरीत गेला. तिथे कळलं, की नदीचं पात्र एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा आणि काठावरचं रान तिसऱ्याचं. पात्रात झोपायचं असेल तर वरून धरणाचं पाणी सुटतं, तेव्हा झोपूच नका. काठावर झोपायचं असेल तर शेजारच्या कचेरीत जा. शेजारच्या कचेरीने पुन्हा पहिल्या कचेरीत पाठवलं. तिसऱ्या फेरीला कारकुनाला दया आली. त्याने विचारलं, कार्यक्रम कसला आहे?

कसलाच नाही, दत्तात्रेय म्हणाला.

लग्न? नाही. बारसं? नाही. सभा? नाही. मग लोक जमून काय करणार? झोपणार. कारकुनाने चष्मा काढून पुसला. म्हणाला, काका, सरकारकडं झोपण्याची परवानगी द्यायची सोय नाही. खाजगी खाचर बघा, सरपंचाच्या कानावर घाला आणि मोकळे व्हा.

असा आपला नायक कातळकोंडला पोचला. कातळकोंड म्हणजे कुंडलिकेच्या काठची चिमुकली वाडी. भातकापणी नुकती आटोपलेली. खाचरं उतरत उतरत नदीपर्यंत गेलेली, आणि शेवटच्या खाचराच्या मागे काळ्या कातळाचा उभा कडा. लाल नव्हता, काळा होता. पण दत्तात्रेय म्हणाला, रंगाचं काय एवढं, देवही काळाच आहे.

सरपंच प्रणित, तरुण पोरगा. तंबूचं नाव काढताच त्याचं तोंड वाकडं झालं. शहरातली माणसं येतात, पितात, डीजे लावतात, बाटल्या नदीत टाकतात. गावाने ठराव केला होता, की तंबू नाही. दत्तात्रेय कळवळला. आणि इथे, मंडळी, त्याची चूक झाली. चूक कसली, तर तो अगदी खरं बोलला.

"दारू नाय," तो म्हणाला. "कुनी थेंब घेतला तर मीच हाकलीन. मटन-मच्छी नाय. डीजे नाय. पहाटे उठायचं, नदीवर आंघोळ, दिवसभर शांत बसायचं. वर बघायचं."

"वर?" प्रणित म्हणाला.

"वर. आभाळाकडं."

"किती दिवस?"

"तीन दिवस. मांडव हैबतरावांचा. तोंड पूर्वेला पाहिजे."

प्रणित खुर्चीत सरळ बसला. आता त्याने नीट निरखून पाहिलं, आणि त्याला ओळख पटली. हे तर टाळकरी म्हात्रेबुवा. शेजारच्या गावच्या सप्ताहाला मागच्या रांगेत होते. नदीकाठ, पूर्वेचा मांडव, तीन दिवस, दारू नाही, मांसाहार नाही, पहाटेची आंघोळ. आता तुम्हीच सांगा, आपल्या मुलखात याला काय म्हणतात? तुम्हाला कळलं. प्रणितला कळलं. दारात उभ्या माणसांनाही कळलं. एका दत्तात्रेयाला तेवढं कळलं नाही.

प्रणितने आदराने विचारलं, "मुख्य मानूस कोन येनार?"

"जावई," दत्तात्रेय अभिमानाने म्हणाला. "अमेरिकेवरनं."

"तिकडं पन करतात?"

"दर शनिवार-रविवार. डोंगरात जाऊन करतात. त्यांना त्याचीच आवड."

दारातल्या माणसांनी हात जोडले. शेवटचं खाचर काशीबाईचं. तिला बोलावलं. वाकलेली म्हातारी, हातात विळा. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, कवा येताव? नाताळात, असं सांगितल्यावर ती पुढे आली आणि दत्तात्रेयाच्या पायांवर डोकं ठेवलं. तो दचकून मागे सरला. ती त्याच्या आईच्या वयाची. इकडे पाहुण्याला असंच करत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पुढचे काही आठवडे त्याला गोंधळात टाकणारे फोन येत राहिले. तांदूळ किती लागेल, असं प्रणितने विचारलं. आम्ही आमचा आणू, दत्तात्रेय म्हणाला. तसं कसं, गावाचा हात लागायला पाहिजे, प्रणित म्हणाला. एकदा कळलं, की बायका खाचर सारवून घेतायत. दत्तात्रेयाला वाटलं, केवढी ही स्वच्छता. एकदा विचारणा झाली, जावईबापूंना पखवाज कुठला चालतो. ते हलकंच वाजवलेलं सोसतील, पण आग्रह नको, असं उत्तर त्याने दिलं. जनीने हे ऐकून भुवया वर केल्या. तिला काहीतरी शंका आली होती, पण मुलगी राहणार याच्या आनंदात तिने ती वालाबरोबर भिजत घातली.

नाताळ आला. नम्रता आणि मितेश पुण्याहून ताम्हिणी घाटाने परस्पर येणार होते. हैबतराव आदल्या दिवशी सामान घेऊन पुढे गेले. दत्तात्रेय आणि जनी दुपारी रोह्यावरून रिक्षाने निघाले. वाडीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांची कमान लागली. इथे कुणाचं तरी लग्न दिसतंय, दत्तात्रेय म्हणाला. आत शिरल्यावर प्रत्येक दारापुढे रांगोळी. घरटी लग्न असणार नाही, जनी म्हणाली.

शेवटच्या खाचरापाशी पोचल्यावर त्याला जे दिसलं ते असं. फोटोतल्या एवढ्याशा पिवळ्या तंबूच्या जागी हैबतरावांचा सगळ्यात मोठा मांडव, झालरीसकट. आत व्यासपीठ, गादी, तक्क्या, माईक. समोर सतरंज्यांवर दोनेकशे माणसं. कडेला चुलवणावर पातेली. आणि कमानीवर लिहिलेलं: तीन दिवसांचा कीर्तन सोहळा, अमेरिकेहून मितेश महाराज.

दत्तात्रेयाने हैबतरावांना बाजूला ओढलं आणि हे काय म्हणून विचारलं. हैबतरावांनाच आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, सरपंचांचा फोन आला, मोठा मांडव आणा. मला वाटलं तुमचं मन बदललं. आणि दत्तूभाऊ, तुमचं मन बदलून बदलून दुसरीकडं जाणार तरी कुठं?

तेवढ्यात मोटार आली.

नम्रता उतरली. अंगात खिशांची पँट, पाठीवर गुंडाळलेला पिवळा तंबू. मितेश उतरला, आणि दोन पावलं टाकायच्या आत त्याच्या कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला, आणि प्रणितने त्याच्या हातात वीणा दिली. खाली ठेवायची नाय महाराज, एवढं मात्र त्याने बजावलं. तुम्हाला माहीत आहे, मांडवातली वीणा जमिनीला टेकत नाही. दुसऱ्याने येऊन पाया पडून घेतली तरच पहिला सुटतो. मितेशला वाटलं, इथल्या स्वागताची रीत असेल, दोन मिनिटांत घेतील. पण महाराजांच्या हातातली वीणा मागायची हिंमत कोण करणार? तो वीणा धरून उभा राहिला. एक तास गेला. त्याला घाम फुटला. तो डोळे मिटून श्वास घ्यायला लागला, तर बाया कुजबुजल्या, लागली समाधी.

नम्रता बापाजवळ आली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, "बाबा, हे काय आहे?"

काय सांगणार? त्यालाच नीट माहीत नव्हतं. ती म्हणाली, मितेशकडे राजस्थानची परवा सकाळची तिकिटं अजून आहेत. जनीने पदराने तोंड पुसलं. दत्तात्रेयाने ठरवलं, की आता उठून सरळ सांगून टाकायचं: बाबांनो, चूक झाली, हा माझा जावई, कीर्तनकार नव्हे, आम्ही झोपायला आलोय.

तो काशीबाईकडे निघाला. खाचर तिचं, पहिलं तिला सांगायला हवं. ती सगळ्यात पुढे बसली होती, नवं लुगडं नेसून. तो वाकला, तेवढ्यात तिनेच बोलायला सुरुवात केली.

"मालक देवाला बोलला व्हता. या खाचरात देवाचं नाव व्हईल. मंग तो गेला. या कोंडात कोन महाराज येतोय? वाटच नाय यायला." तिने मांडवाकडे बघितलं. "यंदा वाल नाय पेरला मी. म्हटलं, मांडव पडनार हाय."

कातळकोंडात भाताच्या मागे वाल पेरतात, तेच त्यांचं वर्षाचं कडधान्य. आजूबाजूची सगळी खाचरं वालाने हिरवी होती. हे एकच कोरडं, सपाट, सारवलेलं. दत्तात्रेयाला हवी होती तशी अगदी कोरडी जमीन.

तो तिथेच वाकलेला राहिला. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला मुलगी. आणि माईकवरून प्रणितचा आवाज आला, की आता महाराजांनी गादीवर यावं.

मितेशने डोळे उघडले. त्या नजरेत काय होतं ते मी वर्णन करत नाही. बुडणाऱ्या माणसाने काठावरच्याकडे बघावं तसं त्याने सासऱ्याकडे बघितलं. आणि आयुष्यभर मागच्या रांगेत उभा राहिलेला दत्तात्रेय म्हात्रे पुढे चालत गेला, जावयाला म्हणाला, तुम्ही माझ्या मागं नुसते उभे रहा, आणि माईकपुढे उभा राहिला.

घसा बसला. त्याने ऐकलेली शेकडो कीर्तनं कुठल्या कुठे गेली. एकही दृष्टांत आठवेना. आठवत होतं ते एवढंच, गेल्या दोन महिन्यांत आपलं काय झालं ते.

"या," तो म्हणाला. "असे पुढं सरा."

आणि त्याने ते सांगायला सुरुवात केली. एक माणूस होता, त्याची लेक जाता जाता येणार होती. त्याने मिठागर सांगितलं, अमावास्येचं उधाण सांगितलं, हैबतरावांची चप्पल सांगितली. पहिलं हसू मांडवाच्या कोपऱ्यातून आलं, खुद्द हैबतरावांचं. मग खाण आली, झेंडा आला. कचेरीतला कारकून आला, तेव्हा म्हातारे पोट धरायला लागले. मृदंगवाल्याला राहवेना, प्रत्येक फजितीवर तो थाप द्यायला लागला. मागे वीणा धरून मितेशही हसत होता, आणि तारा आपोआप झणझणत होत्या.

मग दत्तात्रेय थांबला. पुढचं त्याने हळू सांगितलं. "तो मानूस तुमच्याकडं आला. त्यानं झोपायला जागा मागितली. तुमी देवासाठी दिलीत. हे माजे जावई. त्यांना कीर्तन येत नाय. मलाबी येत नाय. मी फसवलं नाय, पन तुमी फसलात. काय ते आता बोला."

प्रणितने मान खाली घातली. चुलवणावरच्या भाताचा वाससुद्धा थांबल्यासारखा झाला. मग पुढून काशीबाईचा आवाज आला, जरा वैतागलेलाच.

"मंग येवढा वेळ काय करत व्हतास?"

"हे आपलं, सांगत होतो."

"मंग सांग की पुढं. मधीच कशाला थांबलास?"

मांडव असा हसला की कड्यावरची वटवाघळं उडाली. दत्तात्रेयाने टाळकऱ्यांकडे गजरासाठी बघितलं. मागच्या रांगेत त्याची नेहमीची जागा रिकामी होती. तिथे नम्रता येऊन उभी राहिली. बापाच्या पिशवीतला टाळ तिने हुडकून काढला होता. लहानपणी त्याच टाळाची दोरी मुठीत धरून ती त्याच्या पायांशी झोपायची. पहिले दोन ठोके चुकले, तिसरा लागला.

रात्री मितेशने मांडवाच्या पलीकडे, कड्याच्या पायथ्याशी, पिवळा तंबू ठोकला. हैबतरावांनी मागून ताण दिला. शेजारच्या खाचरांतल्या वालाच्या शेंगा आल्या, बटाटे आले, भांबुर्ड्याचा पाला आला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ केला. ही आमची पोपटी. ती खाताना मितेश म्हणाला, ॲरिझोनात आम्ही जाळावर काहीतरी भाजतो, पण ते असं लागत नाही. शांततेचं विचाराल, तर मांडवात हरिपाठ चालू होता आणि वीणेचा पहारा होता. मितेशने स्वतःहून पहाटेचा पहारा घेतला. नदीवर धुकं, सगळे झोपलेले, आणि हातात वीणा. उतरल्यावर तो चुलवणापाशी जाऊन बसला. चहा दोन कप प्याला.

दुसऱ्या दिवशी नम्रताने तिकिटांचा विषय काढला, तर काशीबाईने ऐकूनच घेतलं नाही. काल्याशिवाय मांडवातनं कोन जातो गो, ती म्हणाली, जसं काही नम्रताने पानावरून उठायचं काढलं होतं. आणि खरंच, काला घेतल्याशिवाय उठायचं नसतं. तिकिटं गेली. जनीने मुलीच्या केसांना तेल लावायला घेतलं, आणि ते तेल लावणं बराच वेळ चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काला झाला. हंडी फुटली, लाह्या वाटल्या. आता बोललेलं फेडायचं. ज्याने देवाला शब्द दिला त्याचं नाव माईकवरून घ्यायची रीत. दत्तात्रेयाने विचारलं, मालकांचं नाव काय? मागून एक तरुण सांगायला गेला, तर एका म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं. घरचं बोलणं घरच्याच तोंडानं फिटायला पाहिजे, तो म्हणाला. सगळ्यांनी काशीबाईकडे बघितलं.

आणि तिने तर जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. त्या वेळच्या बाया घेत नसत. तो होता तोपर्यंत 'अवो', गेला तेव्हापासून 'मालक'. ती उठली. नम्रताने हात दिला. माईक समोर धरला, तो तिने बाजूला सारला. कड्याकडे तोंड केलं, पदर नीट घेतला, आणि इतकी लाजली की बायांनीही माना वळवल्या.

"गोमा," ती म्हणाली.

तेवढंच. कड्याने ते परत दिलं, आणि मग सगळा मांडव तेच म्हणाला.

झाली गोष्ट. आता माझं मागणं. दत्तात्रेयाला सगळे ओळखतात. हैबतरावांचं नाव तर टेम्पोवर रंगवलेलं आहे. पण कधी उघड्यावर झोपलात, जागा सापडली म्हणून बरं वाटलं, तर झोपायच्या आधी त्या गोमाची आठवण काढा. त्याची जागा होती, आणि त्याचं नाव बायकोने एकदाच घेतलंय. दुसऱ्यांदा ते तुम्ही घ्या.